थोरल्याचं ऐकलं, धाकट्याचं नाही

एकोणीसशे एक्याण्णव साल. माझं वय सत्तेचाळीस. गिरण्यांचा संप होऊन नऊ वर्षं झाली होती. तो संप मिटला असं मला अजूनपर्यंत कोणी येऊन सांगितलेलं नाही, त्यामुळे माझ्या हिशेबाने मी आजही संपावरच आहे. मधल्या काळात हात रिकामे नकोत म्हणून परळच्या एका संशोधन संस्थेत बाटल्या धुतल्या. साठी गाठेपर्यंत एकूण एकवीस वर्षं.

बाटल्या धुणे म्हटलं की लोक हसतात. माझा व्याही अजून हसतो. त्याला मी विचारतो, तुला एक बाटली धुता येईल का? तो म्हणतो, त्यात काय! हेच ते. "त्यात काय" म्हणणाऱ्या माणसाच्या बाटलीत पेशी मरते.

आता पेशी म्हणजे काय ते सांगतो, कारण मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. माझं शिक्षण चौथी. तीही देवगडकडच्या अशा शाळेत, की आंब्याच्या दिवसांत मास्तरच यायचे नाहीत. तुमचं-माझं, उंदराचं, घुशीचं अंग बारीक बारीक जिवंत कणांचं असतं, ती पेशी. ती अंगातून काढून काचेच्या चपट्या ताटलीत ठेवली, तिला खायला लाल रंगाचं पाणी घातलं आणि कोंबडी अंड्याला देते तेवढी ऊब दिली, तर ती मजेत जगते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. त्यासाठी उबेचं एक कपाट असतं. त्याला दोन दारं, बाहेर लोखंडी आणि आत काचेचं. तळाला पाण्याची परात, हवा दमट राहावी म्हणून. गिरणीतही सूत तुटू नये म्हणून आम्ही हवा दमटच ठेवायचो, त्यामुळे ते कपाट मला पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं.

पण पेशी नाजूक. बाटलीला साबणाचा नखाएवढा अंश राहिला तरी सकाळी ताटलीत मढी. म्हणून माझा नियम दहा पाण्यांचा. आधी ब्रश आणि साबण, मग सात पाणी नळाचं आणि तीन पाणी डिस्टिल. मोजायचं बोटांच्या पेरांवर. शेवटी बाटली उजेडाकडे धरून तिरकी करायची. पाणी एका पदरासारखं सरसर खाली गेलं तर बाटली पास. कुठे एक थेंब अडून बसला तर नापास, पुन्हा पहिल्यापासून. एकवीस वर्षांत मी थेंबाशी कधी तडजोड केली नाही. बायको म्हणते, एवढं लक्ष घरच्या भांड्यांकडे दिलं असतंत तर! घरच्या भांड्यांत पेशी वाढवायच्या नव्हत्या, हे तिला कळत नाही.

संस्थेत नीला मॅडम होत्या. गिरगावातून बसने यायच्या, डब्यात रोज काकडीची कोशिंबीर. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण मला "मामा" म्हणायच्या आणि कधी आवाज चढवायच्या नाहीत. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. म्हणाल्या, "बघा मामा, तुम्ही ज्यांच्यासाठी राबता ते."

बघतो तर काय, चात्या! सूतकताईच्या खात्यात सतरा वर्षं ज्या चात्यांवर मी कांड्या चढवल्या, तशाच त्या पेशी. दोन्ही टोकांना निमुळत्या, पोटात फुगीर, एकीला एक लागून ओळीत पडलेल्या. त्या उंदराच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूच्या पेशी होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हे तर आमचं खातं." त्या खूप हसल्या. मी मात्र खरंच म्हटलं होतं.

मॅडमचं काम होतं व्हिटॅमिन ई वर. सगळी दुनिया त्याला एकाच कामासाठी ओळखायची. खोबरं ठेवून ठेवून खवट होतं ना? प्राणवायू तेलाच्या अंगाशी आला की तेल बिघडतं. पेशीच्या भोवतीची कातडीही तेलकटच, ती पण अशीच खवटते. व्हिटॅमिन ई आडवं येऊन तो मार स्वतःच्या अंगावर घेतं. थोडक्यात, आगीचा बंबवाला. शिकलेली माणसं याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. तो शब्द बिनचूक म्हणायला मला चार महिने लागले, म्हणून इथे एकदा लिहून टाकला.

गंमत पुढे आहे. व्हिटॅमिन ई हा एक माणूस नाही, ते भावांचं कुटुंब आहे. त्यातले दोघे मॅडमच्या कामात होते. अल्फा म्हणजे थोरला, बीटा म्हणजे धाकटा. दिसायला दोघेही तेलासारखे. फरक मिशीच्या एका केसाएवढा. आग विझवण्यात दोघांची ताकद सारखी, उन्नीस-बीस.

"मग दोघांचा परिणाम सारखाच व्हायला हवा ना मामा?" मॅडम म्हणाल्या. "पण मला वाटतं, थोरल्याला आणखी एक काम येत असावं."

"कुठलं?"

"पेशीला थांब म्हणायचं."

त्यांनी मला ते असं समजावलं. पेशीच्या आत एक मुकादमासारखं काहीतरी असतं. ते इकडे-तिकडे फिरून दुसऱ्यांच्या पाठीवर शिक्का मारतं, की चल, लाग कामाला, वाढ. मॅडमला संशय होता, की थोरला त्या मुकादमालाच खाली बसवतो. शिक्के थांबले की वाढ थांबते. यात आग नाही, बंब नाही, नुसता हुकूम.

मी म्हटलं, "म्हणजे आमचा जॉबर. जॉबर बसला की अख्खं खातं बसलं."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. गिरणीत सतरा वर्षांत मला कोणी "अगदी बरोबर" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी चालत घरी न जाता तरंगत गेलो.

आता इथे माझी पहिली चूक. आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत बाबू राऊळ राहायचा. गिरणीत तो कापड खात्यात होता. संपानंतर भायखळ्याच्या बाजारातून कोथिंबीर-मिरच्या आणून विकायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त डोक्यावर केस नाहीत. कानाशी थोडी झालर, मध्ये मैदान. मी गॅलरीत बसून ऐटीत सांगत होतो, की आमच्याकडे व्हिटॅमिन ई वर काम चालू आहे, त्याचा पेशीवर जबर असर होतो.

बाबूने विचारलं, "केस पन पेशीच्येच काय रे?"

"पेशींचेच."

"मगे लावलंय तर?"

मला माहीत नव्हतं. पण चाळीत "मला माहीत नाही" म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "लाव."

बस. त्या दिवसापासून बाबू मेडिकलमधून व्हिटॅमिन ई च्या हिरव्या गोळ्या आणायचा, टाचणीने भोक पाडायचा आणि आतलं तेल टाळूला चोळायचा. चाळीतल्या बायका चेहऱ्याला लावायच्या, त्यांचं ठीक. पण बाबूचं डोकं असं चमकायला लागलं, की कावळा गॅलरीच्या कठड्यावर बसून त्यात स्वतःला बघायचा. मधूनमधून तो माझ्यापुढे मान वाकवून उभा राहायचा. "बघ, इलो काय एकतरी?" मी बारकाईने बघितल्यासारखं करून म्हणायचो, "मुळं हलतायत."

अशात दसरा आला.

गिरणगावात ज्याने दसरा बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. मशीन धुऊन-पुसून लख्ख करायची, झेंडूचं तोरण बांधायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. वर्षभर बोटं चेचणाऱ्या मशीनच्या आम्ही त्या दिवशी पाया पडायचो. संप झाला आणि ते गेलं. नऊ दसरे मी हळदीचं बोट कुठे टेकवलं नव्हतं. संस्थेत पूजेची पद्धत नव्हती. संस्थेचे मोठे साहेब म्हणायचे, प्रयोगशाळा म्हणजे देऊळ नव्हे.

दसऱ्याला सुट्टी होती. पण डिस्टिल पाण्याचं यंत्र बघायला मला सकाळी जावं लागायचं आणि किल्ली माझ्याकडे. पिशवीत झेंडू, हळदकुंकवाची डबी, एक नारळ आणि चार पेढे घेऊन गेलो. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. गरगर फिरणाऱ्या यंत्राला हळदकुंकू. गॅसच्या नळकांड्याला हार, पण चावीला धक्का न लावता, एवढी अक्कल होती. नारळ धुण्याच्या मोरीत फोडला. उबेच्या कपाटाच्या बाहेरच्या दाराला पाच बोटं लावली, हात जोडले. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मनात आलं, हे तर दार झालं. काम करणारे आत आहेत. गिरणीत कधी आपण नुसत्या फाटकाची पूजा केली का?

बाहेरचं दार उघडलं. आतल्या काचेला हळदीचं एक बोट लावलं. मग काचेचं दारही उघडलं, अगदी श्वास रोखून, आणि मॅडमच्या ताटल्यांना लांबूनच पेढा दाखवला. म्हटलं, "खावा बाबांनो, वर्षाचा सण." दार लावलं, काच पुसली. पेढे मीच खाल्ले.

तीन दिवसांनी मॅडमने पेशी मोजल्या. ताटल्या तीन प्रकारच्या. एकात थोरला, एकात धाकटा आणि एकात दोघांपैकी कोणीच नाही, ती साधी, तुलनेसाठी. साध्या ताटल्यांत पेशी जोरात वाढलेल्या. धाकट्याच्या ताटल्यांतही जवळजवळ तशाच जोरात. आणि थोरल्याच्या ताटल्यांत काम बंद! मेलेल्या नव्हत्या बरं का. जिवंत, धडधाकट, पण वाढायचं नाव नाही. मॅडम एवढ्या खूश, की मला अर्धी कोशिंबीर दिली.

मोठे साहेब आले. विद्वान माणूस, पण भुवया नेहमी वर गेलेल्या, कोणीतरी दोरीने ओढल्यासारख्या. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "नीला, हे होऊ शकत नाही. ई म्हणजे अँटिऑक्सिडंट, बस्स. दोघांची ताकद सारखी तर परिणाम सारखा. परिणाम वेगळा याचा अर्थ काम गचाळ झालंय." मग मान माझ्याकडे वळवली. "मामा, थोरल्याच्या बाटल्यांना साबण राहिला असणार."

मला गिरणीमालकाने रस्त्यावर आणलं तेव्हा एवढा राग आला नव्हता.

"साहेब, माझ्या बाटलीतून तुम्ही तान्ह्या बाळाला दूध पाजा!"

"तसं नाही, पण..."

मी फळीवरची बाटली घेतली, नळाचं पाणी भरलं, खळखळवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. वर ढेकर दिला.

साहेब म्हणाले, "मामा, हा पुरावा नाही. साबणाने माणूस मरत नाही, पेशी मरते."

"त्या तर जिवंत आहेत. आणि पेशी नाजूक असेल साहेब, माझी बाटली नाजूक नाही."

तेव्हा मॅडम मध्ये बोलल्या. "सर, मामांची जबाबदारी माझी. त्यांच्याकडून काही चुकलं असतं, तर त्यांनी मला येऊन सांगितलं असतं."

ते वाक्य मला अजून खुपतं. कारण हळदीचं बोट तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि मी गप्प बसलो. नोकरी सहा-सहा महिन्यांच्या कागदावर होती. एकदा पोटावर पाय आलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडताना विचार करतो. पण तो विचार एवढा लांबायला नको होता.

साहेबांनी निकाल सांगितला. कपाट धुऊन काढायचं आणि दोष कुठे आहे ते बघायचं. दोष सापडला तर मॅडमचं हे काम बंद, त्यांनी दुसऱ्या विभागात उंदरांची वजनं करायची. आणि माझा पुढचा कागद निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः कपाट उघडून बसले. मी फडकं घेऊन मागे, मॅडम बाजूला. तळाची पाण्याची परात त्यांनी बाहेर ओढली. आणि त्या पाण्यात, राणीबागेतल्या तळ्यात बदक पोहावं तशी, झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

साहेबांनी ती चिमट्याने उचलली. भुवया आता केसांत घुसायच्या बाकी होत्या.

"हे काय आहे?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "फूल आहे, सर."

"फूल आहे ते मला दिसतंय!"

मी फडकं खांद्यावर टाकलं आणि पुढे झालो. "साहेब, दसरा होता. मी यंत्राची पूजा केली."

"आतून?"

"आधी बाहेरूनच केली. मग वाटलं, काम तर आतले करतात."

"अजून काय केलंत?"

"काचेला हळद लावली. पेढा दाखवला. दिला नाही."

"हळद!" साहेब ओरडले. "मामा, हळद पेशींवर काय काय करते कल्पना आहे? लोक त्याच्यावर वेगळे प्रबंध लिहितात!" मग मॅडमकडे वळून एकदम शांतपणे म्हणाले, "संपलं. मिळाला दोष."

मॅडमचा चेहरा मी बघितला. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. म्हणाल्या, "मामा, मला तरी सांगायचं." एवढंच.

आणि मग मला काय झालं कोण जाणे. एकतर मी हट्टी. दुसरं म्हणजे, नोकरी गेलीच होती, तोंड कशाला राखायचं? मी म्हटलं, "साहेब, चूक माझी, शंभर टक्के. पण एक विचारू?"

"विचारा."

"आमच्या खात्यात एका मशीनवर सूत तुटायला लागलं तर दोष त्या मशीनचा. सगळ्या खात्यात तुटायला लागलं तर दोष हवेचा. हे शेंबडं पोरही सांगेल. आता हळद उडाली असेल ती अख्ख्या कपाटात उडाली असेल. साध्याच्या पेशी जोरात, धाकट्याच्या जोरात, थोरल्याच्याच तेवढ्या बसल्या. हळद काय नाव विचारून लागते?"

साहेबांनी एकदा परातीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाकळी चिमट्यात तशीच.

"आणि बाटल्या साहेब, तिघांच्या एकाच घाणीत धुतल्यात. म्हणजे एकाच घाण्यात. साबण राहिला असता तर तिघांना राहिला असता."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"स्पिनिंग खात्याने."

साहेबांनी पाकळी परातीच्या कडेला ठेवली. मग म्हणाले, "परत करा. सगळं नव्याने. पण या वेळी कुठल्या ताटलीत कोण आहे, ते नीलालाही कळता कामा नये आणि मलाही. माणसाला जे हवं असतं तेच मोजताना दिसतं."

मॅडम म्हणाल्या, "बाटल्यांवर आकडे घालू."

"आकडे घालणाऱ्याला माहीत असणारच," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "दोरा बांधा." दोघे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, चाळीस नंबरचं सूत आणि साठ नंबरचं सूत नवख्याच्या डोळ्याला सारखंच दिसतं. मिसळलं तर कापडाचा सत्यानाश. म्हणून गिरणीत कांड्यांना रंग असतो. थोरला, धाकटा आणि साधं, तिन्ही सारख्या बाटल्यांत भरा, नावाच्या चिठ्ठ्या लावा, आणि मला एकट्याला खोलीत सोडा. मी चिठ्ठी काढून बाटलीला रंगीत दोरा बांधीन. त्याच दोऱ्याचा दुसरा तुकडा चिठ्ठीला बांधून पाकिटात घालीन. पाकीट लाखेने बंद करून साहेबांच्या कपाटात.

"पण मग तुम्हाला माहीत असेल," साहेब म्हणाले.

"मी काय मोजायला बसणार आहे?"

तसं ठरलं. तांबडा, निळा, हिरवा. दोरे मी घरून आणले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातले. साहेबांनी एक अट घातली. पाच दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, कारण माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

ते पाच दिवस! मी गिरणीत पाळ्या केल्या, संपात उपास काढले, पण असे हाल झाले नाहीत. मॅडम मोरीवरून जाताना मी तोंडावर टॉवेल टाकायचो. त्या म्हणायच्या, "मामा, मी काही विचारत नाहीये." मी टॉवेलातून म्हणायचो, "मी काही सांगत नाहीये." एकदा जिन्यात समोरासमोर आलो, तर मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वरून येणाऱ्या एका डॉक्टरांनी मॅडमना विचारलं, "यांना शिक्षा केलीय का?"

घरी बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुकता काय? चार दिस तोंड असा काय केलात?"

"संस्थेची गुप्त गोष्ट आहे."

"ह्या घरात तुमची कसली गुप्त गोष्ट? माजो निळो दोरो खय गेलो ता आधी सांगा."

मी निळ्याचं नाव ऐकून पाण्याचा तांब्याच सांडला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला आत बोलावलं. मॅडमने पेशी मोजल्या होत्या, मग साहेबांनी स्वतः परत मोजल्या होत्या. तांबड्याच्या ताटल्यांत जोरात वाढ. हिरव्याच्या ताटल्यांत जोरात वाढ. निळ्याच्या ताटल्यांत काम बंद.

साहेबांनी लाख फोडली. पाकिटातून तीन चिठ्ठ्या टेबलावर पडल्या. निळा दोरा ज्या चिठ्ठीला होता ती साहेबांनी उचलली, वाचली आणि मॅडमपुढे सरकवली. मॅडमनी ती वाचली आणि खाली स्टुलावर बसल्या. मला वाचायची गरज नव्हती. मी पाच दिवस तो थोरला पोटात घेऊन फिरत होतो.

साहेब म्हणाले, "आणखी दोनदा करा." मग भुवया खाली आल्या. खरंच आल्या, मी पहिल्यांदाच बघितलं, बरे दिसत होते. "म्हणजे हा नुसता बंबवाला नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"जॉबरला बसवतो, साहेब," मी म्हटलं.

"मामा, पुढच्या दसऱ्याला पूजा करायची. दार बंद ठेवून. मी नारळ आणीन."

पुढे आणखी दोनदा केलं, तेच आलं. मग मॅडमनी दोघा भावांना एकाच ताटलीत घालून बघितलं, तर धाकटा शेजारी उभा राहिला की थोरल्याचंही कोणी ऐकत नाही! संपात दोन पुढारी एका व्यासपीठावर आल्यावर काय होतं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. परदेशातही कोणाकोणाला असंच दिसत होतं म्हणे. हे सगळं ताटलीतलं, माणसाच्या अंगात काय होतं ते ठरवणं लांबची गोष्ट, असं मॅडम प्रत्येकाला बजावून सांगायच्या.

मी त्या संध्याकाळी कोणालाच बजावलं नाही. माझा कागद पुन्हा निघणार होता, मॅडमना उंदीर तोलावे लागणार नव्हते, आणि पाच दिवस बंद असलेलं माझं तोंड उघडलं होतं. चाळीच्या गॅलरीत मी सगळ्यांना गोळा करून अथपासून इतिपर्यंत सांगितलं. जॉबर, दोरा, लाख, सगळं. शेवटी हात उंच करून म्हटलं, "तर मंडळी, हे व्हिटॅमिन पेशीला वाढवत नाही. थांबवतं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त कठड्याला टेकलेला बाबू राऊळ हलला नाही. त्याच्या हातात टाचणी होती, दुसऱ्या हातात अर्धी पिळलेली हिरवी गोळी.

"थांबयता?"

"हो. म्हणजे..."

"भिक्या मेल्या! सा म्हयने माज्या डोक्यार संप चालू आसा, नि तू माका आज सांगतंस?"

"बाबू, त्या उंदराच्या रक्तवाहिनीच्या पेशी होत्या. तुझ्या डोक्याचा काही संबंध..."

"तू म्हटलंस मुळां हलतत!"

"ते मी..."

"काय हलत होता? बोल! काय हलत होता?"

इतक्या विद्वान साहेबांना मी उत्तर दिलं होतं, आता बाबूला द्यायचं होतं. मग आयुष्यात पहिल्यांदा चाळीत सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबू, मला माहीत नव्हतं." गॅलरीत एवढी शांतता पसरली, की माझ्या बायकोने बाहेर येऊन विचारलं, कोण गेलं?

बाबू म्हणाला, "आता ह्या काढ. लायलंस तू, काढतलंस तूच."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आल्या आल्या मी बाबूला चाळीच्या मोरीत पाटावर बसवला. मागे बादल्यांची रांग, लोक बोंब मारतायत. मी कोणाचं ऐकलं नाही. ब्रश वापरला नाही, मैत्रीखातर. साबण एक हात. मग सात पाणी नळाचं, बोटांच्या पेरांवर मोजून. शेवटची तीन डिस्टिलची हवीत, ती चाळीत कुठून आणणार? बायकोने उकळून गाळलेलं पाणी दिलं, तोंडाने बडबडत का होईना. आठ. नऊ. दहा. मग बाबूची हनुवटी धरून डोकं उजेडाकडे तिरकं केलं आणि एक डोळा मिटून बघितलं. पाणी एका पदरासारखं सरसर खाली गेलं. थेंब कुठे अडला नाही.

"इलो काय?" बाबूने डोळे मिटूनच विचारलं.

"केस नाही रे," मी म्हटलं, "पण बाटली पास."